आतून लावायची कडी

दिपमालाने दार ढकललं तेव्हा आत शाखेचे प्रमुख ललित सर झोपलेले होते. चटईवर, एका कुशीवर, हात उशाला घेऊन. बूट भिंतीशी जोडीने ठेवलेले, मोजे त्यात नीट खोचलेले, डोळ्यांवर ओला पंचा. एसी गुरगुरत होता आणि त्याच्या वरताण सर घोरत होते. कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजवर त्यांचा डबा होता, खुर्चीच्या पाठीवर शर्ट. दाराला बाहेरून फिकट गुलाबी पाटी होती, बाळाला कवेत घेतलेल्या आईचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'मातृकक्ष'. दार करकरलं तसा सरांनी पंचा जरासा उचलला, एक डोळा उघडला, आणि दिपमाला म्हणाली, "सॉरी सर." दार तिने असं ओढून घेतलं की आतलं माणूस दचकू नये. मग ती पॅसेजमध्ये उभी राहिली, खांद्याला पंपाची आणि बाटल्यांची पिशवी, आणि तिला कळेना की आपण माफी नक्की कशाची मागितली.

साडेचार महिन्यांच्या रेवाला भुसावळला सासूजवळ ठेवून ती त्या दिवशी पहिल्यांदा कामावर आली होती. सकाळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला, महेकने गळामिठी मारली. महेक म्हणजे शाखेची एचआर, पोरगी अजून बिनलग्नाची, पण बाळंतपणाच्या रजेपासून आईवडिलांच्या विम्यापर्यंत सगळं तिला तोंडपाठ. पुण्याच्या कंपनीने जळगावात शाखा काढली ती 'गावाकडच्या मुलांना गावाजवळ काम' म्हणून, आणि सोयीही तशाच दिल्या: पगारी रजा, बापालाही पंधरा दिवस, दिवाळीइतकीच ईदची सुट्टी, आणि ही खोली. खोली होऊन दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तीन जणी बाळंतपणाला गेल्या होत्या. येते म्हणून गेल्या होत्या तिघी, निरोपाला पेढे वाटून, डोळे पुसून. आली एकही नाही. एकीला सासरच्यांनी नको म्हटलं, एकीचा नवरा सुरतेला गेला, एकीने फोनच उचलला नाही. आता रिकाम्या खोलीत एसी असेल, बाहेर पंचेचाळीस अंशांचा जळगावचा मे असेल, बाजारपेठेतली दुकानं दुपारी अर्धी शटरं ओढून घेत असतील आणि कुत्रीसुद्धा गटारीच्या ओल्या कडेला अंग टाकून पडत असतील, तर बीपीच्या गोळ्या खाणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने तिथे तासभर पाठ टेकली म्हणून त्याला फासावर थोडंच द्यायचं? दिपमाला स्वतःशी असा सरांचा वकील होऊन बोलत राहिली. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर तिने दार एवढं हळू लावलं नसतं.

छाती तोपर्यंत दगडासारखी झाली होती. ती बायकांच्या संडासात गेली, झाकण पाडून त्यावर बसली, आणि पंपाचा दांडा दाबू लागली. बाहेर कोणीतरी हात धुतले, कोणीतरी फोनवर हसलं, कोणीतरी दार ठोठावून परत गेलं. अंगातून दूध यायला मन निवांत लागतं म्हणतात. फिनाइलच्या वासात मन कसलं निवांत होतंय! रेवाची टाळू डोळ्यांसमोर आणली, तिचा तो दूध पिताना बोटं उघडण्या-मिटण्याचा चाळा आणला, तेव्हा कुठे धार लागली. बाटली अर्ध्याच्या वर भरली. आणि आता ती ठेवायची कुठे? ऑफिसातला एकमेव फ्रिज त्या खोलीत होता, ताकाच्या बाटल्यांनी भरलेला, आणि बाहेर ठेवलेलं दूध अशा उन्हात संध्याकाळपर्यंत फाटणार. बेसिनमध्ये ओतायला हात पुढे केला आणि हात तिथेच थांबला. कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेणारी, इंजिनिअर झालेली, शहाणीसुरती बाई. पण हात थांबला तो थांबलाच. आईचं दूध पायाखाली जाऊ देऊ नये, मोरीत जाऊ देऊ नये, ते झाडाच्या मुळाशी घालावं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं; तिने पाहिलं होतं. पॅसेजच्या वळणावर पामच्या झाडाची मोठी कुंडी होती, वर शोभेचे पांढरे गोटे. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बाटली कुंडीत रिकामी केली. गोट्यांवरून दूध खाली झिरपत गेलं, आणि काही झालंच नाही अशी ती जागेवर येऊन बसली.

पाहिलं होतं ते धुळ्याला, जिनिंगच्या आवारात. तिची आई, कमलबाई, कपाशीच्या हंगामात तिथे सरकी-रुई वेगळी करायच्या कामावर जायची आणि तान्ह्या प्रेमराजला घरी दिपमालाच्या स्वाधीन करायची. दिपमाला तेव्हा दुसरीत. भर दुपारी भावाला कडेवर मारून ती जिनिंगच्या फाटकातून आत शिरायची, तर आत सगळं पांढरं: हवा पांढरी, बायकांच्या भुवया पांढऱ्या, आईचे केस म्हातारीसारखे पांढरे. पाजायला आडोसा नव्हता. सुरुवातीला आई रुईच्या ढिगाकडे तोंड करून, पाठ सगळ्यांकडे करून बसायची, आणि हमाल मुद्दाम तिथून पाणी प्यायला जायचे. ज्या दिवशी शाळेची परीक्षा असे आणि दिपमाला प्रेमराजला नेऊ शकत नसे, त्या दिवशी आईचं पोलकं गळ्यापासून कमरेपर्यंत ओलं होऊन वाळून कडक व्हायचं. ती निंबाच्या बुडाशी बसून दूध पिळून टाकायची. एकदा दिपमालाने ते पाहिलं. आईने बोटांनी मूठभर माती ओढून त्या ओलीवर सारली होती. पोरीने विचारलं तशी म्हणाली, "वर माती लोटी देवो, माय. मुंग्या लागन्यात ते दूध आटी जास." मुंग्या लागल्या की आईचं दूध आटतं म्हणे, म्हणून वर माती; हे मातीचं दिपमालाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. झाड लक्षात राहिलं, माती विसरली. अर्धवट शहाणपण ते असं, आणि ते पुढे किती महागात पडलं!

त्यानंतर दिवसांमागून दिवस तसेच जात राहिले. सकाळी भुसावळहून निघायचं, रेवाला पोटभर पाजून, ती पदराला लोंबकळत असताना तिची एकेक मूठ सोडवून, दुपारी संडासातलं झाकण, पंप, कुंडी, संध्याकाळी घरी. दुपार जवळ आली की तिची नजर आपोआप त्या गुलाबी पाटीकडे जायची. सर दीडला डबा खायचे, ताक प्यायचे, ढेकर द्यायचे आणि बूट वाजवत त्या खोलीत जायचे. जाताना तिच्याकडे पाहून विचारायचेही, "बेबी कशी आहे? त्रास नाही ना देत?" आणि ती म्हणायची, "छान आहे, सर." हा प्रश्न खरा होता आणि उत्तर खोटं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती उत्तरं जुळवायची. सर, ती खोली माझी आहे. सर, माझी म्हणजे माझ्यासारखीची आहे. सर, तुम्ही झोपता तिथे मला... यापुढचा शब्द तिला ओलांडता येईना. 'दूध' हा एवढासा शब्द, चहात घालतात, गल्लीत सायकलवर येतो, पण पुरुष वरिष्ठापुढे उच्चारायचा म्हटला की जीभ टाळूला चिकटे. नवरा स्वप्नील रेल्वेत, गाडीबरोबर चार दिवस बाहेर, त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं सांगून टाक ना, त्यात काय!" त्यात काय असतं ते ज्याच्या पोटातून जात नाही त्याला कसं कळणार?

आणि मग दूध कमी झालं. आधी तिला वाटलं, भास. मग एका संध्याकाळी रेवा छातीला लागली, चार घोट घेतले, सोडलं, पुन्हा धरलं, आणि डोकं मागे टाकून अशी किंचाळली की शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका दारात आल्या. सासू, सुगंधाबाई, स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय झालं व? पोरगी भुकेली दिसते. तुह्यं दूध कमी झालं का?" दिपमाला रेवाची पाठ थोपटत राहिली. "मेथी खाय, खोबरं खाय. काहाले जीव घाबरा करते? नाही पुरलं त डब्याचं देऊ, पोरं काय मरते का डब्याच्या दुधानं? नाही त असं कर," आणि इथे सासूचा आवाज मऊ झाला, मऊ झाला म्हणूनच दिपमालाने मान वर केली, "वर्षभर घरी राह्य. नोकऱ्या काय पयून चालल्या?" पहिल्या तिघींनाही कोणीतरी हे असंच मायेने म्हटलं असेल. कोणी दारात आडवं पडत नाही. नुसतं अंथरूण घालून देतात. तिने रेवाला दुसऱ्या बाजूला घेतलं, डोळे मिटले आणि मनातल्या मनात एकच गोष्ट म्हटली: मी परत येणारी पहिली आहे, आणि मी जाणारी चौथी होणार नाही. म्हणताना दात इतके आवळले गेले की कानशिलं दुखली.

ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच आठवड्यात फोटो आला. पामची कुंडी, पांढरे गोटे, आणि त्यांवर लाल मुंग्यांची जाड रांग; भिंतीवरून चढून ती कुंडीमागच्या टेबलाच्या खणात शिरलेली. टेबल तेजसचं. तेजस चाळीसगावचा, खादाड, खणात कायम चिक्की आणि शेव. त्याच्यावर शंका घ्यायला कोणाला पुराव्याची गरज नव्हती. साफसफाई करणाऱ्या सुनंदाबाईंनी हळद टाकली, खडूच्या रेघा मारल्या. मुंग्या दोन दिवस रेघांच्या बाहेरून फिरल्या आणि पुन्हा कुंडीत आल्या. मग नोटीस: जागेवर गोड खाऊ नये. मग टोमणे. कोणी त्याच्या खुर्चीवर साखरेची पुडी ठेवली, कोणी त्याला 'मुंगीशेठ' म्हणू लागलं. तो आधी हसला, मग उसनं हसला, मग त्याने खण रिकामा करून सगळ्यांसमोर उपडा केला आणि म्हणाला, "घ्या, काही नाही यात. आता तरी सोडा ना यार." सगळे आणखी हसले. दिपमाला आपल्या स्क्रीनकडे बघत होती आणि तिला अक्षरं दिसत नव्हती. तिला मुंग्या दिसत होत्या. मुंग्या लागन्यात ते दूध आटी जास. हे खरं नाही हे तिला माहीत होतं. ताणाने, उशीर केल्याने, नीट न काढल्याने आटतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण माहीत असणं डोक्यात राहतं आणि भीती तिच्या खाली कुठेतरी, जिथे ब्लाउज ओला होतो तिथे. तिच्या लेकराचं दूध मुंग्या वाहून नेत होत्या, एकेक थेंब, रांगेने, सगळ्या ऑफिसच्या देखत, आणि त्याचा आळ त्या बिचाऱ्या चिक्कीवाल्यावर!

बुधवारी 'मोकळा संवाद' असे. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी गोल बसायचं आणि मनातलं बोलायचं; बहुतेक वेळा सगळे गोल बसत आणि मनातलं मनात ठेवत. त्या बुधवारी ललित सर उत्साहात होते. शुक्रवारी पुण्याहून पाहुणे येणार होते, सगळ्या शाखांतून 'सर्वांना सामावून घेणारी शाखा' निवडणार होते; मान मिळाला तर जळगावला मोठं काम येईल, नवी माणसं घेता येतील. "आणि प्लीज," सर हसत म्हणाले, "तेजसच्या मुंग्यांचा बंदोबस्त करा. पाहुण्यांना चावल्या तर?" हशा पिकला. तेजसने मान खाली घातली. त्याची मान बघता बघता दिपमाला उभी राहिली. उभी राहायचं तिने ठरवलं नव्हतं, गुडघ्यांनी ठरवलं. "मुंग्या तेजसमुळे नाही आल्या," ती म्हणाली. "माझ्या दुधामुळे आल्या." एसीचा आवाज अचानक मोठा झाला. कोणीतरी "काय?" म्हणालं. "माझं दूध. बाळाचं. मी ते रोज संडासात बसून काढते आणि ठेवायला जागा नाही म्हणून कुंडीत टाकते. मोरीत टाकायला मन होत नाही. तेजसला उगीच बोललात तुम्ही सगळे, आणि मी गप्प राहिले. माफ कर, तेजस." एवढं बोलून ती बसली. तो शब्द तोंडातून निघाला होता आणि छत काही कोसळलं नव्हतं. तेजस तिच्याकडे बघत होता, तोंड उघडं ठेवून, मग तो हळूच म्हणाला, "अरे बापरे, ताई, मला आधी सांगायचं, मी म्हटलं असतं ना माझीच चिक्की आहे म्हणून." या वेळी जे हसले ते वेगळं हसले.

ललित सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ते संध्याकाळी तिच्या टेबलाशी आले, उभे राहिले, टेबलावरचं पेन उचललं, खाली ठेवलं. "अगं, आधी बोलायचंस," ते म्हणाले. "मला वाटलं तू... म्हणजे खरं सांगू, मला काही वाटलंच नाही." हे मात्र अगदी खरं होतं, आणि त्यांनी ते सांगितलं म्हणून तिला त्यांच्याबद्दल एकदम बरंही वाटलं आणि चीडही आली. दुसऱ्या दिवशी चटई गेली, ताकाच्या बाटल्या गेल्या, फ्रिज सोड्याने पुसला गेला. दिपमाला दुपारी पिशवी घेऊन निघाली. पावलं हलकी पडत होती. तर दाराला बाहेरून कुलूप! दाराच्या फटीतून आत बघितलं: फुगे, निळी गादी, भिंतीवर ससे, प्लॅस्टिकचा पाळणा आणि त्यात रबरी बाहुली निजवलेली. महेक धावत आली, ओशाळलेली. "दीदी, सर म्हणाले फक्त उद्यापर्यंत. सगळं मांडून झालंय, मळायला नको म्हणून." मग सरही आले. "एक दिवस सांभाळून घे ना. उद्या पाहुण्यांना तूच दाखव खोली. कॅमेऱ्यापुढे दोन मिनिटं बोल, या खोलीचा तुला किती उपयोग झाला ते. परत आलेली पहिली मुलगी तू! टीम लीडसाठी तुझं नाव मी आधीच पाठवलंय, माहितीये ना?" हे ते धमकी म्हणून बोलले नाहीत, खरंच प्रेमाने बोलले. दिपमाला त्या रबरी बाहुलीकडे बघत राहिली. बाहुलीला जागा होती. ती संडासात गेली, झाकण पाडलं, पंप काढला, आणि त्या दिवशी बाटलीचा तळ जेमतेम झाकला गेला.

त्या चार घोटांकडे बघताना तिला पडदा आठवला. इतक्या वर्षांत कसा आठवला नव्हता कोण जाणे! हमाल मुद्दाम पाण्याला जायला लागले तेव्हा एक दिवस आईने घरून येतानाच आपलं जुनं लुगडं काखेत मारून आणलं. रुईच्या दोन गठ्ठ्यांमध्ये एक टोक सुतळीने बांधलं; दुसऱ्या बाजूला बांधायला काही नव्हतं, म्हणून ते टोक दिपमालाच्या हातात दिलं. "धरी ठेव, माय. सोडजो नको." सातएक वर्षांची पोर, दोन्ही हात डोक्यावर ताणून लुगडं धरून उभी, रुई नाकात जायची, शिंक यायची, हात भरून यायचे, मुंग्या यायच्या हातांना. मुकादम आला. त्याने बाहेरून गठ्ठ्यावर काठी आपटली. "कोण शे रे मझार? हाई काय तंबू ठोकेल शे?" लुगड्याच्या आतून आईचा आवाज आला, जागेवरून न उठता, प्रेमराजला न सोडता, अगदी सरळ: "मझार बाई शे." बस, एवढंच. विनवणी नाही, भांडण नाही. आत बाई आहे, या तीन शब्दांत जे काय आलं ते आलं. मुकादमाने काठी खाली घेतली. मग म्हणाला, उद्या हे लुगडं दिसता कामा नये. दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा बांधलं. तिसऱ्या दिवशीही. पुढे इतर तान्ह्या पोरांच्या बायकाही त्याच लुगड्याआड बसायला लागल्या, आणि दिपमालाचे वडील चुडामण, जे सुतारकाम करायचे, त्यांनी एक बांबू रोवून दिला. पोरीचे हात सुटले. मुकादमाने बांबू काढला नाही. काढायला तो एकदाही आत आला नाही.

संध्याकाळी भुसावळला उतरल्यावर ती घरी जायच्या आधी बाजारात वळली. रहीमभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात उकडून भाजी झाली होती, तरी ते टोपी सरळ करून उठले. "कडी पाहिजे, दाराला," ती म्हणाली. "आतून लावायची का बाहेरून?" "आतून." त्यांनी दोन-तीन काढून ठेवल्या, एक तिच्याकडे सरकवली. "ही घ्या, पितळी. बाहेरून कितीबी ढकला, हलणार नाही. मिस्त्री पाठवू?" "नको," दिपमाला म्हणाली, "मी सुताराची मुलगी आहे." ऐकून ते खूश झाले आणि स्क्रू चार जास्त घातले. घरी रेवाला पाजताना तिने सासूला सगळं सांगितलं, कुंडीपासून कडीपर्यंत. वाटलं होतं, सासू डोक्याला हात लावेल. सुगंधाबाई नातीचे पाय चोळता चोळता म्हणाली, "एवढ्या मोठ्या हापिसात आतून कडी नाही दाराले? कमालच आहे व!" आणि खोबऱ्याची वाटी तिच्यापुढे सरकवली.

शुक्रवारी दिपमाला सगळ्यांच्या आधी पोहोचली. महेक फुलं ठेवायला खोली उघडतच होती. दिपमालाने पिशवीतून कडी काढली, स्क्रू काढले, आंघोळीच्या साबणाची चिप काढली; वडील म्हणायचे, स्क्रूला साबण लावला की लाकूड कुरकुरत नाही. महेक आधी नुसती बघत राहिली. "दीदी, सर विचारतील." "सांग, दिपमालाने लावली." महेकने पॅसेजकडे पाहिलं, मग आत आली, दार खांद्याने दाबून धरलं आणि म्हणाली, "थोडं वर घ्या, नाहीतर चौकटीला बसणार नाही." दोघी घामाघूम झाल्या. कडी सरकवली तेव्हा तिचा आवाज आला, जाड, पोटातून आलेला. महेकने ती पुन्हा एकदा सरकवून पाहिली, स्वतःच्या हाताने, आणि हसली.

पाहुणे सकाळी यायचे ते गाडी रखडल्यामुळे दुपारी आले. जेवणं झाली, भाषणं झाली, मान्यवर मजला बघत बघत हळूहळू इकडे सरकू लागले, बरोबर कॅमेरावाला. दिपमालाची वेळ केव्हाच होऊन गेली होती. आज छाती भरून आली होती, कित्येक दिवसांत भरली नव्हती तशी. पदराखाली दोन ओले डाग उमटले होते आणि ते तिने झाकले नाहीत. ती पिशवी घेऊन उठली. ललित सरांनी तिला दाराशी गाठलं, आवाज खाली घेऊन म्हणाले, "दहाच मिनिटं, दिपमाला. ते आत बघून घेतील, तू बोल, आणि मग खोली तुझीच. दहा मिनिटांनी काय होतं?" तिने त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशीचा तो एक उघडा डोळा तिला आठवला, आणि आपला तो शब्दही. "माझी वेळ झाली, सर," ती म्हणाली. सॉरी म्हणाली नाही. आत गेली, दार लावलं, कडी सरकवली.

रबरी बाहुली तिने पाळण्यातून उचलून खिडकीत ठेवली. निळ्या गादीवर पाय लांब करून बसली, पाठ भिंतीला टेकवली. एसीचा गारवा मानेवरून खाली उतरला. पंप लावायच्या आधीच धार लागली. बाटलीच्या काचेवर तिचा बारीक आवाज आला, आणि तिला एकदम रडू फुटलं, सुटल्याचं, आवाज न करता, पंपाचा दांडा दाबत दाबत. बाहेर पावलं जवळ आली. सरांचा आवाज, पाहुण्यांचे आवाज, कोणीतरी पाटी मोठ्याने वाचली. मग दाराचं हँडल खाली झालं. दार ढकललं गेलं आणि हललं नाही. पुन्हा ढकललं. बाहेर कुजबुज झाली, आणि अनोळखी बोटांनी दारावर टकटक केलं. "कोण आहे आत?"

दिपमालाने डोळे पुसले नाहीत, दांड्यावरचा हात थांबवला नाही. इंजिनिअरिंगला आल्यापासून जी बोली तिने ऑफिसच्या दारात चपलेसारखी काढून ठेवली होती, तीच तोंडात आली, आईच्या आवाजात, जागेवरून न उठता.

"मझार बाई शे."

बाहेरची टकटक थांबली. मग महेकचा आवाज आला, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "आत बाई आहे, सर. तिचं झालं की खोली बघता येईल. चला, तोवर चहा घेऊ." पावलं दूर गेली, सगळ्यात शेवटी ललित सरांची, थबकून, मग तीही. बाटली मानेपर्यंत भरली होती. दिपमालाने झाकण घट्ट लावलं, फ्रिजचं दार उघडलं, आणि बाटली रिकाम्या कप्प्यात मधोमध ठेवली. मग तिने दुसरी बाटली काढली.